भोंगा कुणाचा, पेटी कुणाची

 

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि त्यावरून दोन तास भांडण झालं. गटाच्या शिल्लक पैशातून स्वतःचा लाउडस्पीकर घ्यायचा का, हा तो प्रश्न. एक म्हणाली, शेळ्या घेऊ. दुसरी म्हणाली, शिलाई मशीन घेऊ, स्पीकर काय दूध देतो का? बऱ्याच जणी हसल्या. मग आमच्यातली एक बाई, जी बैठकीत कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "ग्रामसभेत माझा माईक बंद केला होता ते विसरलात का गं?" मग कुणी हसलं नाही.

झालं होतं असं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असा आपल्याकडे कायदाच आहे. त्या सभेत आम्ही गावातल्या दारूच्या दुकानाचा विषय ठरवला आणि ही बाई तो मांडायला ग्रामसभेत उभी राहिली. माईक आणि स्पीकर गावातल्याच एका घरचे. ती ज्याच्याविषयी बोलत होती तोही त्याच घरचा. चौथ्या वाक्याला स्पीकर गप्प. "लाईट गेली," असं सांगितलं. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता!

तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत होतं, की ही आवाज मोठा करणारी वस्तू आली कुठून, कोण बनवतं, आणि ती नेहमी कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच घरात कशी असते? मी थोडं वाचलं, थोडं विचारलं, आणि थोडं मला घरचंच माहीत आहे, कारण माझे बापू भोंगेवाले होते. आजच्या बोलण्यात हे सगळं येईल, थोडं इकडचं तिकडे होईल, सांभाळून घ्या.

आवाज मोठा करायला विजेची गरज पडते असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या सातपुड्यात आणा. आपल्याकडची पावरी बघा. मध्ये वाळका भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या. त्या भोपळ्याशिवाय नुसती नळी फुंकली तर आवाज पिपाणीएवढा. एकतारी, तुणतुणं, सगळ्यांच्या पोटात पोकळी. होळीला काठीला जो मोठा ढोल वाजतो, त्याचंही तेच. कातडं हलतं आणि लाकडाच्या पोटातली हवा त्याला साथ देते. स्पीकरची पेटी म्हणजे हेच, फक्त कातड्याच्या जागी कागद आणि काठीच्या जागी वीज.

स्पीकरच्या आत काय असतं ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं. मागे एक जाड लोहचुंबक असतो. त्याच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, त्याला कारागीर कॉईल म्हणतात. त्या कॉईलला कागदाचा शंकू चिकटवलेला, तो कोन. वीज आली की कॉईल पुढेमागे थरथरते, कोन थरथरतो, हवा थरथरते आणि आपल्याला बोलणं ऐकू येतं. ही रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली नीट मांडली. शंभर वर्षं झाली, तरी तुमच्या मोबाइलमधला चिमुकला स्पीकर आणि लग्नातल्या गाडीवरचा परातीएवढा स्पीकर, बहुतेक सगळे त्याच मुळावर चालतात.

त्याच्याही आधी, १९१५ साली, अमेरिकेतच कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी चुंबक, कॉईल आणि ग्रामोफोनचा कर्णा एकत्र जोडून बोलणं दूरवर पोचवून दाखवलं होतं. त्यांनी आपल्या यंत्राला नाव दिलं मॅग्नाव्हॉक्स. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ मोठा आवाज. १९१९ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सॅन दिएगोच्या सभेत असंच यंत्र वापरलं. त्याआधी पुढाऱ्याचा आवाज जितका, तितकीच सभा.

आपल्याकडेही तसंच होतं. गांधीजींचा आवाज बारीक. सभेला लोटणारी माणसं हजारोंनी. मागच्यांना ऐकू जायचं नाही. बायका तर बहुतेक वेळा एका कडेला किंवा मागेच बसलेल्या, त्यांना काय ऐकू येत असेल? ही अडचण सोडवली ती मोटवाने नावाच्या सिंधी घराण्यानं. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्करला विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला. तिथून कराची, आणि पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमाराला मुंबई. कंपनीचं नाव मोठं गमतीचं, शिकागो टेलिफोन सप्लाय कंपनी, पुढे लोकांच्या तोंडी शिकागो रेडिओ. नाव अमेरिकेचं, घर सिंधचं, दुकान मुंबईचं. ग्यानचंदांचे चिरंजीव नानक मोटवाने यांनी १९३०नंतरच्या दशकात काँग्रेसच्या सभांना आणि अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवायला घेतले, आणि ते धंद्यापेक्षा देशाचं काम म्हणून. गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांचे जुने फोटो कधी नीट बघा. समोरच्या माईकवर एक पाटी दिसते, तिच्यावर इंग्रजीत शिकागो रेडिओ असं लिहिलेलं असतं. शाळेच्या भिंतीवरच्या फोटोतसुद्धा ती सापडेल.

हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं फैजपूर आठवलं. खानदेशातलंच गाव. डिसेंबर १९३६ मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. बांबू आणि चटयांचं नगर उभारलं होतं, नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली होती, अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. खेड्यातल्या माणसापर्यंत बोलणं पोचायला हवं, या हट्टानं ते अधिवेशन शहर सोडून मातीत आलं. बोलणं पोचवण्याच्या दोन वाटा असतात बघा. एक, आवाज मोठा करायचा. दुसरी, आपणच उठून जवळ जायचं. त्या काळात दोन्ही वाटा एकदमच चालल्या होत्या.

आणि मग आलं १९४२. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला. तिथली ध्वनिव्यवस्था शिकागो रेडिओचीच. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले. माईक होता, स्पीकर होता, पण बोलणारं कुणी बाहेर उरलं नाही. तेव्हा एक बावीस वर्षांची मुलगी पुढे आली, उषा मेहता. आपल्या शेजारच्या सुरत जिल्ह्यातल्या सरस गावात जन्मलेली, मुंबईत शिकणारी. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी छुपं रेडिओ केंद्र काढलं. २७ ऑगस्ट १९४२ला पहिला आवाज गेला, ४२.३४ मीटरवर. पत्ता एकच सांगायचे, भारतात कुठंतरी. पोलीस मागावर, म्हणून जागा सतत बदलायची. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड टाकली आणि सगळे पकडले गेले. खटल्यात पाच आरोपी होते, त्यांत नानक मोटवानेही होते. ते सुटले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्याला ठेवलं गेलं.

तारखा जुळवून पाहिल्या तर अंगावर काटा येतो. मुंबईत या मुलीचा आवाज हवेत गेला २७ ऑगस्टला. त्यानंतर तेराव्या दिवशी, ९ सप्टेंबरला, आपल्या नंदुरबारात शाळकरी पोरांची मिरवणूक निघाली आणि गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले. त्या पोरांकडे कुठला आला माईक. नुसते गळे होते.

मोटवान्यांचा धंदा पुढे नाशकातही रुजला. विजेचं काम करणाऱ्या पोरांच्या हातात मोजमापाचं यंत्र असतं ना, मीटर, तशी यंत्रं तिथं बनतात. म्हणजे गांधीजींच्या माईकचा धागा आपल्या पलीकडच्याच जिल्ह्यापर्यंत येऊन पोचलेला आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

आता जरा घरची गोष्ट सांगते. माझं माहेर शहादा तालुक्यातलं. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला. माझ्या जन्माच्या आसपास बापूंनी जुना सेट विकत घेतला. दोन भोंगे, एक माईक, एक बॅटरी, रेकॉर्ड वाजवायची चकती आणि मशीन. अॅम्प्लिफायरला आमच्याकडे सगळे मशीनच म्हणायचे. लग्न, सत्यनारायण, निवडणूक, सारंगखेड्याची यात्रा, बापू सायकलीवर भोंगे बांधून निघायचे. पुढे बैलगाडी, मग टेम्पो.

भोंग्याचा गुण असा, की थोड्या विजेत आवाज लांब जातो. तोंडाजवळ हाताचा कर्णा करून आपण शेतातून हाक मारतो ना, तेच तत्त्व. पण भोंग्यातून येणारा आवाज किरटा असतो. ढोलाचा घुमार त्यात येत नाही, माणसाचा गळा ओळखू येत नाही. लताबाई गायल्या काय आणि तलाठी बोलला काय, सगळं एकाच नाकातून. आई म्हणायची, "तुमच्या भोंग्यातून सगळं जग सर्दी झाल्यासारखं बोलतं."

कॅसेटचे दिवस आले तेव्हा लोकांना गाण्यातला ठेका ऐकू यावासा वाटू लागला. बापूंनी बाजारातून दोन उघडे स्पीकर आणले. उघडा स्पीकर जोडून वाजवला तर आवाज पातळ. का, तर कोन पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल पडते. मागचा आवाज वळसा घालून पुढच्यात मिसळतो आणि दोघं एकमेकांना मारतात. म्हणून मागचा आवाज कोंडायला पेटी लागते. पटत नसेल तर आज रात्री गाणं लावून मोबाइल रिकाम्या माठात उभा करून बघा.

पेटी बनवली आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी. पडक्या घराच्या जुन्या सागवानी फळ्या होत्या, त्या रंधून, सांधे कापून, सरस लावून. बापू म्हणाले, फळी जाड घे, आवाज दमदार येईल. पेट्या झाल्या, वाजवल्या, तर आतून डब्यात बोलल्यासारखा घुमारा. काकांनी विचार केला आणि आईकडे एक फाटकी गोधडी मागितली. तिचे तुकडे आतून फळ्यांना खिळवले, वर थोडा पिंजलेला कापूस. घुमारा गेला. आईला त्या गोधडीचं फार वाईट वाटलं होतं, पण पुढे कुणी पेटीची तारीफ केली की ती म्हणायची, "आत माझी गोधडी आहे."

हे सगळं आडगावचं जुगाड, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. नंतर वाचलं तर विलायतेतही जगातले शहाणे लोक त्याच सुमाराला हेच करत होते. तिथं बीबीसी नावाचं रेडिओचं मोठं खातं. त्यांच्या संशोधकांना असा स्पीकर हवा होता, जो खऱ्याशी इमान राखेल. हाय-फाय हा शब्द आपण दुकानांच्या पाट्यांवर बघतो ना, त्याचा मूळ अर्थ तोच. हाय फिडेलिटी, म्हणजे अस्सलाशी जास्तीत जास्त इमान. मोठा आवाज असा त्याचा अर्थ नाहीच. आणि त्यांची कसोटी काय, तर माणसाचा बोलका गळा! खोलीत खरा माणूस बोलतोय आणि स्पीकरमधून तोच बोलतोय, दोन्ही ऐकून ताडून बघायचं. कारण बाजा किंचित चुकला तर कानाला कळत नाही, पण ओळखीच्या माणसाचा आवाज बदलला की लगेच कळतं. आपल्या लेकराचं रडणं दहा लेकरांत ओळखतो तो हाच कान.

पेटीबद्दल त्यांना जे सापडलं ते आमच्या बापूंच्या समजुतीच्या उलट होतं. खूप जाड लाकडाची पेटी बरी नाही. पातळ प्लायवूड घ्यायचं आणि त्याला आतून डांबरासारख्या जड, मऊ थराचं अस्तर लावायचं. मग पेटीचा थरथराट लवकर विरतो आणि बोलण्याच्या स्वरात मिसळत नाही. गोधडीच की ती, फक्त डांबराची. १९७०च्या दशकात त्यांनी जेमतेम एक फूट उंचीची एक पेटी काढली, बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाडीत मावावी म्हणून. एलएस थ्री फाइव्ह ए असं तिचं रुक्ष नाव. ती वेगवेगळ्या कंपन्यांनी बीबीसीच्या परवान्यानं बनवली आणि शौकीन लोक आजही तिच्या मागे असतात.

त्या संशोधकांपैकी दोघांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. स्पेन्सर ह्यूज यांनी १९६९ साली काढलेल्या कंपनीचं नाव स्पेंडॉर. हे नाव कसं झालं? स्पेन्सरमधलं स्पेन आणि त्यांच्या बायकोच्या, डोरोथीच्या नावातलं डॉर. दुसरे डडली हारवुड, त्यांनी १९७७ साली हारबेथ काढली. हारवुडमधलं हार, आणि बायको एलिझाबेथ, तिचं बेथ. मला हे वाचून फार मजा वाटली. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर फलाणे अँड सन्स असतं. फलाणे अँड बायको अशी पाटी मी अजून पाहिलेली नाही. याच हारवुडांनी कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा कोन आणला. खताच्या गोण्या ज्याच्या विणतात तेच ते. कागद पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याचा आवाज बदलतो, तसं याचं होत नाही.

दोन्ही कंपन्या आजही इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स भागात आहेत. लाकडाचं वरचं पापुद्र्यासारखं कवच निवडण्यापासून पेटी बंद करेपर्यंत बरंचसं काम माणसाच्या हाताखालून जातं. म्हणून जोडीची किंमत आपल्याकडे लाखांत जाते. आपण घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. पण सगळेच तसे राहिले नाहीत. व्हार्फडेल म्हणून आणखी एक जुनं नाव, १९३२ साली यॉर्कशायरमध्ये एका घराच्या तळघरात सुरू झालेलं. आता ती कंपनी चिनी मालकीच्या समूहाची आहे आणि माल चीनमध्ये बनतो. नाव नदीखोऱ्याचं, माल समुद्रापलीकडचा. यात वाईटच आहे असं नाही, पण पेटीवरचं गाव आणि पेटीचं गाव वेगळं असू शकतं हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्या देशात रेडिओच्या लाकडी पेट्यांचा एक काळ होऊन गेला. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, फिलिप्सचा पुण्याजवळ लोणी काळभोरला. ज्यांच्या घरी असा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. आवाज गोड यायचा त्याचं अर्धं श्रेय त्या लाकडी पेटीचं. घरात ऐकायच्या हाय-फाय पेट्यांमध्ये कोलकात्याच्या सोनोडाइनचं नाव झालं, ती १९७० साली सुरू झाली. सभा-समारंभाच्या भोंग्यांमध्ये दिल्लीच्या आहुजाचं, ती १९४० पासूनची. आजही गावोगावच्या मंदिरावर, मशिदीवर, शाळेवर, प्रचाराच्या रिक्षावर तेच नाव दिसतं. बापूंचा दुसरा सेट त्यांचाच होता.

आता ऐकणाऱ्यांकडे वळते. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं एक मोठा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावात रेडिओभोवती मंडळ जमायचं, शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न उलट केंद्राला कळवायचे. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं तपासणी केली, तर या गावांतल्या लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. युनेस्कोनं त्याची दखल घेतली आणि पुढे हा प्रकार देशभर नेला गेला. खानदेश त्या पाचांत नव्हता. आणि रेडिओ असायचा चावडीत किंवा शाळेत, रात्रीच्या वेळी. चावडीच्या पायरीवर बाई बसलेली त्या काळी कुणी पाहिली होती का? आजीला विचारा.

पण आपल्या भागातल्या बाया गप्प बसलेल्या होत्या असं मात्र नाही हं. १९७२ साली शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती आणि इतर कार्यकर्त्यांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी चळवळ उभी केली, श्रमिक संघटना झाली. त्या चळवळीतल्या भिल्ल बायांनी स्वतः दारूबंदीचा प्रश्न हातात घेतला. टोळीनं गावोगाव जायचं, दारूची मडकी फोडायची, मारझोड करणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारायचा. त्यावर पुस्तकं लिहिली गेली, परदेशातल्या अभ्यासक येऊन राहिल्या. त्या बायांच्या हातात कुठलाच माईक नव्हता. आमचे बापू सांगायचे, शहाद्याच्या मोर्चाला पन्नास जणी एका दमात घोषणा द्यायच्या तेव्हा माझे दोन्ही भोंगे झक मारायचे.

त्यानंतर आवाजाच्या पेट्या वाढतच गेल्या. आपल्या नवापूर पट्ट्यातली आणि पलीकडच्या व्याऱ्याकडची लग्नं तुम्हाला माहीत आहेत. पूर्ण गाडीवर पेट्यांची भिंत, त्यावर गाणारा, बाजा, आणि खाली रात्रभर नाचणारे हजार पाय. मलाही नाचायला आवडतं, खोटं कशाला बोलू. ज्या पोरांच्या हाताला काम नव्हतं त्यांना या बँडनं काम दिलं, आपल्या बोलीतली गाणी लोकांच्या मोबाइलवर गेली. हे चांगलंच झालं. पण छातीत धडधड होते, भिंतीवरची भांडी पडतात, तान्ही लेकरं दचकून उठतात, हेही खरं.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसाला आठ तास चालतो असा एक आंतरराष्ट्रीय हिशोब आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ला चार तास, ९१ला दोन. असं करत करत १००ला पोचलं की उरतात पंधरा मिनिटं. गाडीच्या पुढ्यात नाचणारं पोरगं पंधरा मिनिटांत थोडंच घरी जातं! बापूंचे कान साठीला गेले. भोंग्याखाली बसून आयुष्य काढलेलं. शेवटी शेवटी ते पेटीवर तळहात ठेवून सांगायचे, कोन फाटलाय, आवाज बरोबर नाही. कानाला ऐकू यायचं नाही, पण हाताला कळायचं.

कायदा काय सांगतो तेही सांगते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायचा. सणासुदीला सरकार वर्षातले थोडे दिवस, पंधरापर्यंत, बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पाच वर्षांनी, १८ जुलै २००५ला, सर्वोच्च न्यायालयानं यावर मोठा निकाल दिला. तो खटला न्यायालयात आला त्यामागे एक बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती ओरडत होती. शेजारी लाउडस्पीकरवर गाणी इतक्या जोरात चालली होती, की तिची हाक कुणाला ऐकूच गेली नाही. नंतर तिनं स्वतःला जाळून घेतलं. निकालपत्रात सुरुवातीलाच हे लिहिलेलं आहे. डीजेवरून वाद झाला आणि पोरं म्हणाली, "तुम्हाला आमची मजा बघवत नाही," की मी त्यांना ही एवढीच गोष्ट सांगते.

आपण ज्या रेडिओवरून बोलतोय तो तरी कुठून आला? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६च्या धोरणानं संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी मिळाली. २००८ साली तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायांनी संघम रेडिओ सुरू केला. त्याच वर्षी साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. उषाबेनला जे लपून करावं लागलं ते आता परवाना घेऊन करता येतं.

तर आमच्या गटाचं काय ठरलं? शेळ्या हरल्या. पण नवा सेट घ्यायला पैसे पुरले नाहीत. मी माहेरी गेले आणि बापूंच्या त्या दोन सागवानी पेट्या भावाकडून मागून आणल्या. वरचा रंग गेलाय, पण एक सांधा हललेला नाही. आत गोधडी तशीच आहे, लाल काठाची. स्पीकर मात्र संपले होते. एकाचा कोन उंदरांनी खाल्लेला, दुसऱ्याची कॉईल जळालेली. गटानं छोटं जुनं मशीन आणि एक वायरचा माईक घेतला. दर ठरवला, गावातल्या कार्यक्रमाला भाडं घ्यायचं, हळदीकुंकू आणि महिला सभेला नाही. रात्री दहानंतर द्यायचा नाही, सरपंचांच्या घरचं लग्न असलं तरी. आवाजाचं बटण अर्ध्यापुढे फिरवायचं नाही, असंही एकीनं लिहून घ्यायला लावलं. मशीन कुणाच्या घरी ठेवायचं यावर पुन्हा भांडण झालं, शेवटी दर महिन्याला घर बदलायचं ठरलं.

कॉईल भरायला आणि कोन बदलायला पेट्या शहाद्याला दिल्या आहेत. कारागीर म्हणाला, "ताई, पेटी फेका, प्लास्टिकची नवी घ्या, हलकी येते." मी नाही म्हणाले. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला आहे, त्याआधी देतो म्हणालाय. दारूच्या दुकानाचा विषय पुन्हा तीच बाई मांडणार आहे.